बूट होताना मधूनच मरणारा बोर्ड आणि कर्नलची सुरुवातीची मेमरी: ये रे माझ्या मागल्या

हा प्रॉब्लेम माझ्याकडे तीन वेळा आला, पहिल्या दोन्ही वेळा "गेला एकदाचा" म्हणून आम्ही हात झटकले, म्हणून यावेळी सगळं सविस्तर लिहून ठेवतोय, निदान चौथ्यांदा आला तर मलाच वाचता येईल.

बोर्ड आमचाच बनवलेला, ६४ बिट एआरएम, २ जीबी रॅम, रॅमचा पत्ता १ जीबीला सुरू होतो आणि ३ जीबीला संपतो (हे आकडे लक्षात असू द्या, पुढे लागणारेत). वर लिनक्स (कर्नल म्हणजे त्याचा गाभा). तक्रार अशी की वीस-पंचवीस रीबूटमधे एखादा बूट फसतो, आणि फसण्याची पद्धत दर वेळी वेगळी. कधी बूटलोडर (कर्नलला रॅममधे आणून सुरू करणारा छोटा प्रोग्राम) "स्टार्टिंग कर्नल" म्हणतो आणि पुढे चिडीचूप, एक अक्षर नाही. कधी लॉगमधे "बॅड पेज स्टेट इन प्रोसेस स्वॅपर" अशा ओळींची रांग लागते आणि मग पॅनिक, म्हणजे कर्नल हात टेकतो. आणि कधी बूट छान होतो, लॉगिन येतं, सगळे खूश, आणि मिनिटभराने कुठलीतरी प्रोसेस उगाच सेगफॉल्ट खाते (भलत्याच पत्त्याला हात लावला म्हणून मरते). पॉवर काढून परत लावली की सगळं ठीक. म्हणजे डीबग करायला बसलं की हमखास चालणार आणि उठून गेलं की मरणार, असला प्रकार.

पहिल्या वेळी साहजिकच रॅम चिपवर संशय. कर्नलमधे मेमटेस्टचं कॉन्फिग चालू असेल तर कमांड लाईनवर (कर्नलला सुरू करताना देतात ती सूचनांची ओळ) मेमटेस्ट=४ देता येतं (टाइप करताना अर्थात इंग्रजीत), मग कर्नल अगदी सुरुवातीलाच रिकाम्या मेमरीत पॅटर्न लिहून परत वाचून बघतो आणि जिथे फरक सापडेल तो तुकडा "बॅड मेम ॲड्रेस" म्हणून छापतो आणि कायमचा बाजूला काढून ठेवतो. आमच्याकडे सापडले की तसे तुकडे! झालं, चिप खराब, बदला चिप. बदलली. नव्या चिपवरही सापडले, पण गंमत म्हणजे मेमटेस्ट चालू असताना बूट कधीच फसला नाही, मग कोणीतरी म्हणालं राहू दे ना मग चालूच, आणि ते तसंच प्रॉडक्शनमधे गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आणि वर चोराला घरात ठेवून घेतलं. काही महिन्यांनी बूट टाइम कमी करायची मोहीम निघाली, मेमटेस्टमुळे काही सेकंद जातायत म्हणून ते काढलं, आणि प्रॉब्लेम हजर.

दुसऱ्या वेळी एकाने कमांड लाईनवर मेम=२०००एम टाकून बघितलं, म्हणजे रॅमचे वरचे ४८ एमबी कर्नलने वापरायचेच नाहीत. लगेच गुण आला. का आला हे कोणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही, कारण रिलीज जवळ होता. मग ४ जीबीचं मॉडेल आलं, त्यात "निम्मी रॅम कुठे गेली" म्हणून बोंब झाली, मेम= काढलं आणि परत तेच, फक्त यावेळी तोंड वेगळं, बूट व्यवस्थित व्हायचा पण कॅमेऱ्याच्या चित्रात मधूनच एखादा कचऱ्याचा पट्टा यायचा. आम्ही बरेच दिवस तो कॅमेरा ड्रायव्हरचा बग समजून उकरत बसलो.

मेमटेस्ट काय किंवा मेम= काय, दोन्ही उपायांनी फक्त वस्तू इकडच्या तिकडे सरकल्या. सुरुवातीच्या मेमरीच्या बाबतीत एखादा बग कॉन्फिग बदलून, कमांड लाईन बदलून, कर्नलची आवृत्ती बदलून "जातो" तेव्हा तो बहुतेक वेळा गेलेला नसतो, ज्या पत्त्यावर कोणीतरी पाय देतंय तिथे आता दुसरं कोणीतरी बसलंय इतकंच. हे कळायला मला मेमब्लॉक (बूट होताना मेमरी वाटणारा कर्नलचा भाग) मुळापासून वाचावं लागलं, तेव्हा थोडं त्याबद्दल.

कर्नल एकदा उभा राहिला की मेमरी द्यायचं काम बडी अलोकेटर करतो आणि त्याच्या डोक्यावर छोटे तुकडे वाटणारा स्लॅब बसतो. पण बडीला चालायला प्रत्येक पेजमागे (पेज म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) एक स्ट्रक्ट पेज नावाची नोंद लागते, ६४ बाइटची, आणि पेज ४ केबीचं, म्हणजे एकूण रॅमचा चौसष्टावा हिस्सा नुसता हिशोबाच्या वहीतच जातो. २ जीबीला ३२ एमबी. ६४ जीबीच्या सर्व्हरवर १ जीबी. आता हे ३२ एमबी मागायचे कोणाकडे? बडी अजून जन्मालाच आलेला नाही, त्याच्याच जन्मासाठी तर हवेत. कोंबडी आधी की अंडं. शिवाय पेज टेबलं (कुठला पत्ता खऱ्या रॅममधे कुठे याचे तक्ते) बनवायलाही पेजं लागतात, आणि प्रत्येक सीपीयूचा वेगळा डेटा, मोठे हॅश टेबल, हे सगळं बडीच्या आधीच लागतं.

पूर्वी यासाठी बूटमेम होतं, दर पेजमागे एक बिट असा साधा नकाशा. आता मेमब्लॉक आहे, तो मूळचा पॉवरपीसीकडचा एलएमबी नावाचा कोड, २०१० मधे त्याचं नाव मेमब्लॉक झालं, आणि २०१८ च्या शेवटी आलेल्या ४.२० कर्नलमधून बूटमेम पूर्ण काढून टाकलं. (एलएमबी हे नाव यू-बूट या बूटलोडरमधे अजून भेटतं, तिथला कोड वाचताना दचकू नका, एकाच घराण्यातले आहेत.)

मेमब्लॉक इतका साधा आहे की पहिल्यांदा वाचताना विश्वास बसत नाही. दोन याद्या. एकीत "इथून इथपर्यंत रॅम आहे", दुसरीत "इथून इथपर्यंत कोणीतरी बसलंय". दोन्ही याद्या आधीच कर्नलच्या इमेजमधे बसवलेल्या, डीफॉल्टला प्रत्येकी १२८ नोंदींची जागा, कमी पडली तर नंतर यादी दुप्पट करता येते. कोणी मेमरी मागितली की पहिल्या यादीतून दुसरी वजा करायची, उरलेल्यात मागितलेल्या आकाराची जागा बघायची, ती दुसऱ्या यादीत टाकायची, झालं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे शोधणं वरून खाली चालतं, म्हणजे डीफॉल्टला सगळ्यात मोठ्या पत्त्याकडून. उलट दिशेने शोधायची सोय आहे, पण ती खास प्रसंगी. त्यामुळे कर्नलच्या सगळ्यात जिवावरच्या गोष्टी, पेज टेबलं आणि ती ३२ एमबीची वही, रॅमच्या वरच्या टोकाला जाऊन बसतात. आमच्या बोर्डावर ३ जीबीच्या जस्ट खाली.

आता या दुसऱ्या यादीचं असं आहे की ती म्हणजे रुमाल टाकून धरलेल्या जागा. कर्नल स्वतःच्या इमेजवर रुमाल टाकतो, इनिटआरडीवर (बूटसाठी लागणारी तात्पुरती फाईल सिस्टीम) टाकतो, डिव्हाइस ट्रीच्या फाईलवर (डीटीबी, म्हणजे बोर्डावर काय काय कुठे आहे याची यादी) टाकतो, डिव्हाइस ट्रीमधे रिझर्व्ह्ड-मेमरी खाली जे काही लिहिलंय त्यावर टाकतो. पीसीवर हीच माहिती बायोसच्या ई८२० यादीतून नाहीतर यूईएफआयच्या मेमरी मॅपमधून येते. पण जो बसलाय आणि ज्याने रुमाल टाकलेला नाही, तो मेमब्लॉकला दिसतच नाही. मेमब्लॉक जागा चाचपून बघत नाही, त्याला जे सांगितलं तेच त्याचं जग. तुम्ही खोटं सांगितलं तर तो इमानेइतबारे दुसऱ्याच्या मांडीवर जाऊन बसतो.

शेवटी मेमब्लॉक_फ्री_ऑल चालतं, त्यात उरलेली सगळी रिकामी पेजं बडीच्या ताब्यात जातात आणि मेमब्लॉकचं काम संपतं. (कोणी आर्किटेक्चरचा कोड लिहीत असाल तर त्यानंतर मेमब्लॉककडे मेमरी मागू नका, कर्नल वॉर्निंग छापून ती स्लॅबकडून आणून देतो आणि तुम्हाला वाटतं चाललं.)

तुमच्याकडे असलं काही होत असेल तर माझ्याच रस्त्याने जा असं नाही, आधी सोपे संशयित घ्या.

पूर्ण शांतता असेल तर सगळ्यात आधी कमांड लाईनवर अर्लीकॉन घाला. नुसतं अर्लीकॉन लिहिलं तर ६४ बिट एआरएमवर ते डिव्हाइस ट्रीच्या चोझन नोडमधला एसटीडीआउट-पाथ घेतं, तो भरलेला असायला हवा. नेहमीचा कन्सोल ड्रायव्हर खूप उशिरा येतो, तोपर्यंतचे मेसेज नुसते बफरमधे साठून मरतात, आणि आपल्याला वाटतं कर्नल सुरूच झाला नाही. अर्लीकॉननंतरही एक ओळ नसेल तर मग गडबड फार लवकर आहे, आणि त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे बीएसएस.

हे बीएसएसचं प्रकरण कित्येकांना चकवतं. कर्नलच्या इमेज फाईलमधे बीएसएस नसतं, म्हणजे शून्याने भरायची जी जागा, ती फाईलमधे कशाला भरून ठेवतील. पण चालताना ती लागते, आणि ती फाईल जिथे संपते त्याच्या लगेच पुढे असते. कोणीतरी बूट स्क्रिप्टमधे कर्नल एका पत्त्यावर लोड करतो, फाईलचा साइझ बघून त्याच्या किंचित पुढे डीटीबी किंवा इनिटआरडी ठेवतो, आणि कर्नल सुरू झाल्या झाल्या बीएसएस शून्य करताना डीटीबीवरून बोळा फिरवतो. डीटीबी गेला म्हणजे मेमरी किती, कन्सोल कुठला, काहीच कळत नाही, मग बोलणार कुठून. हे सुद्धा परत परत येणारं दुखणं आहे, कारण आज चालतं, सहा महिन्यांनी कोणी चार कॉन्फिग चालू केली, कर्नल फुगला की बंद. इमेजच्या हेडरमधे इमेज_साइझ म्हणून फील्ड असतं, त्यात बीएसएस धरलेलं असतं, जागा त्यावरून मोजायची, फाईलच्या साइझवरून नाही. फार जुन्या, म्हणजे ३.१७ च्या आधीच्या कर्नलमधे तो आकडाच नव्हता, तिथे हातचं भरपूर अंतर ठेवणं हाच उपाय. तसंच यू-बूटमधे एफडीटी_हाय किंवा इनिटआरडी_हाय ला सगळे एफ भरून ठेवले की ते "आहे तिथेच राहू दे, हलवू नकोस" असा अर्थ घेतं, इंटरनेटवर कॉपी केलेल्या स्क्रिप्टमधे हे हमखास असतं, तेव्हा तेही बघून घ्या.

थोडाफार लॉग येत असेल तर मेमब्लॉक=डीबग घाला. मग प्रत्येक मागणी, प्रत्येक रुमाल, कोणत्या फंक्शनने टाकला सकट छापला जातो. लॉग खूप मोठा होतो, सीरियलवर हळू येतो, पण हा एकच लॉग मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडलाय. आणि बूट झाल्यावर ६४ बिट एआरएमवर या याद्या टिकून राहतात, डीबगएफएसमधे (कर्नलच्या आतली माहिती फाईलसारखी दाखवणारी जागा) मेमब्लॉक डिरेक्टरीत मेमरी आणि रिझर्व्ह्ड अशा दोन फाईल असतात, कॅट करून बघा. तुमच्या सीपीयूवर सिक्युअर फर्मवेअर चालतं का, बाजूला डीएसपी किंवा कुठला छोटा को-प्रोसेसर आहे का, त्यांची मेमरी या यादीत आहे का, हे एकेक करून टिक करा.

इथेच दुसरी खाच. डिव्हाइस ट्रीत रिझर्व्ह्ड-मेमरी लिहिलेलं आहे म्हणजे ते लागू झालं असं नाही. त्या नोडचे ॲड्रेस-सेल्स आणि साइझ-सेल्स रूट नोडशी जुळले नाहीत किंवा रेंजेस लिहायचं राहिलं, तर कर्नल "अनसपोर्टेड नोड फॉरमॅट, इग्नोरिंग" एवढी एक ओळ छापतो आणि सगळाच्या सगळा नोड सोडून देतो. एक ओळ! ती कोण वाचतंय. डीटीएसमधे (डीटीबी जिच्यातून बनतो ती हाताने लिहिलेली फाईल) बघितलं तर सगळं नीट लिहिलेलं, आणि प्रत्यक्षात एकही रुमाल पडलेला नाही.

आणि तिसरी, नो-मॅप. सिक्युअर फर्मवेअरची मेमरी नुसती रिझर्व्ह करून भागत नाही. रिझर्व्ह केली की कर्नल ती कोणाला देणार नाही, पण त्याच्या लिनिअर मॅपमधे (सगळ्या रॅमचा सरळसोट नकाशा) ती येतेच, आणि मॅपमधे असलेल्या पत्त्याकडे सीपीयू स्वतःच्या मनाने, अंदाजाने, आधीच वाचायला जाऊ शकतो, कोणी इन्स्ट्रक्शन न देता. तिथे हार्डवेअरचा पहारा असेल तर एसएरर (हार्डवेअरकडून आलेली चूक) येतो आणि कर्नल मरतो, तेही कधीतरीच, भलत्याच फंक्शनमधे. तिथे नो-मॅप हवंच. डीटीबीच्या डोक्यावरचं जुनं मेमरिझर्व्ह मॅप काढत नाही, त्यावर अवलंबून राहू नका.

हे सगळं आम्ही तपासलं. सगळं बरोबर निघालं. इथे माझा धीर सुटला होता खरं सांगायचं तर.

मग मी फसलेल्या बूटचे लॉग शांतपणे वाचायला घेतले, आत्तापर्यंत कोणी वाचलेच नव्हते, "परत तेच" म्हणून रीबूट करायचो. बॅड पेज स्टेटच्या प्रत्येक ओळीत पीएफएन असतो, म्हणजे पेजचा नंबर. सगळे नंबर एका कागदावर उतरवले आणि वजाबाक्या केल्या. प्रत्येक फरक ३२ च्या पटीत. ३२, ६४, ३२, ९६. रॅम चिप खराब झाली तर ती असली शिस्त पाळेल का? ३२ पेजं म्हणजे १२८ केबी, त्याचा कशाशी संबंध लागेना. मग डोक्यात प्रकाश पडला की खराब ती पेजं नाहीयेत, खराब त्यांची स्ट्रक्ट पेज नोंद आहे, आणि ३२ नोंदी गुणिले ६४ बाइट म्हणजे २०४८ बाइट. रॅमच्या वरच्या टोकाला कोणीतरी दर २०४८ बाइटवर काहीतरी लिहितंय. २०४८ चे बफर, एकापुढे एक, रिंगमधे. हा आकडा ज्याने नेटवर्क ड्रायव्हर बघितलेत त्याला ओळखीचा वाटेल.

त्या ओळींच्या खाली स्ट्रक्ट पेजचा कच्चा डंप पण असतो, "रॉ" म्हणून, आठ बाइटचा एकेक शब्द. पहिल्या शब्दाचे शेवटचे बारा अंक सगळे एफ. दुसऱ्या शब्दाची सुरुवात ०१०००६०८. लिटल एंडियन आहे, म्हणजे बाइट उलटे वाचायचे, तर मेमरीत क्रमाने काय होतं बघा: आधी सहा एफएफ, मग सहा बाइट, मग ०८ ०६, मग ०० ०१. सहा एफएफ म्हणजे ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना उद्देशून असलेला, मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा पत्ता), पुढचे सहा पाठवणाऱ्याचा मॅक, ०८०६ म्हणजे एआरपी, ०००१ म्हणजे इथरनेट. पाठवणाऱ्याचा मॅक नेटवर्कवर शोधला तर आमच्याच लॅबमधला प्रिंटर. म्हणजे कॉरिडॉरमधला प्रिंटर "हा आयपी कोणाचा" असं सगळ्यांना विचारत होता आणि ते आमच्या कर्नलच्या हिशोबाच्या वहीत छापलं जात होतं. इथरनेटची सगळ्यात छोटी फ्रेम सीआरसी धरून ६४ बाइट, स्ट्रक्ट पेज पण ६४ बाइट, एका एआरपीत बरोब्बर एका पेजचा निकाल.

पुढचं उलगडायला तासभर पण लागला नाही. आमचा बूटलोडर सुरू झाल्यावर स्वतःला रॅमच्या वरच्या टोकाला हलवून घेतो, बरेच बूटलोडर घेतात, म्हणजे खाली कर्नलला मोकळी जागा राहते. त्याचे नेटवर्कचे बफर पण अर्थात तिथेच. अपडेट आहे का बघायला तो प्रत्येक बूटला नेटवर्क चालू करतो. कर्नलकडे उडी मारण्याआधी नेटवर्क कार्डाचं डीएमए (सीपीयूला न विचारता थेट मेमरीत लिहिणं-वाचणं) बंद करणं हे त्याचं काम, ड्रायव्हरमधे बंद करायचं फंक्शन लिहिलेलं पण होतं, पण तो ड्रायव्हर चिपसोबत आयता आलेला (कोणाकडून ते सोडा), आणि ईएमएमसीवरून (बोर्डावरच्या फ्लॅश मेमरीवरून) बूट करताना ते फंक्शन कोणी बोलवतच नव्हतं. कार्डाला काय, त्याला सांगितलंय या पत्त्यांवर पॅकेट ठेव, ते ठेवत बसलंय. इकडे मेमब्लॉक वरून खाली जागा शोधतो, बूटलोडर तर संपला असं समजून त्याच जागेत वही उघडतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर.

आता सगळी कोडी सुटतात बघा. कधीतरीच का? कारण कर्नल सुरू झाल्यापासून त्याचा स्वतःचा नेटवर्क ड्रायव्हर कार्ड रीसेट करेपर्यंतचा सेकंद-दीड सेकंद, तेवढ्यात ब्रॉडकास्ट आला तरच. शिवाय रिंगमधले डिस्क्रिप्टर (पॅकेट कुठल्या बफरात ठेवायचं त्या नोंदी) परत भरून द्यायला बूटलोडर हयात नाही, त्यामुळे ठरावीक पॅकेटांनंतर कार्ड आपोआप गप्प. पॅकेट पेज टेबलात पडलं तर पूर्ण शांतता, वहीत पडलं तर बॅड पेज स्टेट, आणि कुठल्यातरी साध्या डेटावर पडलं तर मिनिटभराने सेगफॉल्ट. मेमटेस्टने का बरं वाटलं? कारण तो वहीच्या आधी चालतो, त्याच्या पॅटर्नवर पॅकेट पडलं की तो ती जागा खराब म्हणून बाजूला काढतो, आणि त्याच्या त्या काही सेकंदात रिंग पण भरून जाते. मेम= ने का? ते ४८ एमबी कापले त्यातच बूटलोडरचे बफर होते. ४ जीबीच्या मॉडेलला रॅम १ पासून ५ जीबीपर्यंत, वही गेली ५ च्या खाली, पण बूटलोडर ४ जीबीच्या वर जात नाही, तो बसला ४ च्या खाली, आणि सीएमए, म्हणजे कॅमेऱ्याला सलग मेमरी लागते त्याची राखीव जागा, ३२ बिट पत्त्यात बसावी म्हणून ४ जीबीच्या खालीच, आणि ती पण वरून खाली शोधत. म्हणून चित्रात पट्टा. कॅमेरावाल्यांची मी माफी मागितली.

तुमच्याकडे हीच केस आहे का हे ठरवायला सगळ्यात स्वस्त टेस्ट म्हणजे नेटवर्कची केबल काढा आणि रीबूटचा लूप लावा. शंभर बूटमधे एकदाही फसला नाही तर केबल लावा, आणि बाजूच्या मशीनवरून आरपिंग (एआरपी पाठवणारी कमांड) सतत मारत ठेवा, ब्रॉडकास्टचा पाऊस. आमच्याकडे वीसात एक फसायचा तो पाऊस चालू केल्यावर जवळपास प्रत्येक बूट फसायला लागला, आणि खात्रीने फसणारा बग म्हणजे अर्धा सुटलेला बग. यूएसबीचा होस्ट कंट्रोलर पण असाच वागू शकतो, तो आपला फ्रेमचा काउंटर मेमरीत लिहीत राहतो, तिथे मग डंपमधे हळूहळू वाढणारा आकडा दिसतो. नुसतं वाचणाऱ्याने, उदाहरणार्थ लोगो दाखवत राहिलेल्या डिस्प्लेने, कर्नलची मेमरी खराब होत नाही, फक्त स्क्रीनवर रांगोळी दिसते.

दुरुस्ती बूटलोडरमधेच व्हायला हवी. आम्ही कर्नलकडे जाण्याच्या प्रत्येक वाटेवर ते बंद करायचं फंक्शन बोलावलं, आणि त्यात रिसीव्हचा बिट काढून लगेच परत न येता डीएमए खरंच थांबलाय असं स्टेटस रजिस्टर सांगेपर्यंत वाट बघायला लावली, कारण बिट काढल्यावरही हातातलं पॅकेट ते पूर्ण लिहितं. यू-बूटच्या ड्रायव्हर मॉडेलमधे यासाठी ॲक्टिव्ह डीएमए असा फ्लॅग आहे, तो लावलेला ड्रायव्हर ओएस सुरू करण्याआधी काढला जातो, तेव्हा तुमच्या ड्रायव्हरला तो आहे का बघा. पीसीवर यूईएफआयच्या बाबतीत कर्नलला ईएफआय=डिसेबल_अर्ली_पीसीआय_डीएमए असा पर्याय देता येतो, तो ताबा घ्यायच्या आधी पीसीआयचं बस मास्टरिंग बंद करतो, मात्र काही मशीनवर त्याने बूटच अडकतो, म्हणून तो डीफॉल्टला नसतो. क्रॅश डंपचा कर्नल आधीच राखून ठेवलेल्या वेगळ्या मेमरीत का चालवतात तेही यातच आलं, मेलेल्या कर्नलची डीएमए अजून चालू असू शकतात.

बूटलोडर ज्यांना बदलताच येत नाही, चिपमधले फ्यूज जाळून फक्त सही केलेलाच बूटलोडर चालेल असं केलंय किंवा सही करायची चावी दुसऱ्याकडे आहे, त्यांनी त्याच्या बफरांचा पट्टा डिव्हाइस ट्रीत रिझर्व्ह करावा. तो पट्टा नक्की कुठे आहे हे पीएफएनच्या हिशोबावरून काढता येतं, पण आजूबाजूला थोडी जास्त जागा धरा. नो-मॅपची इथे गरज नाही. हे ठिगळच आहे, रॅमचा साइझ बदलला की पट्टा हलतो, म्हणून प्रत्येक मॉडेलच्या डीटीएसला वेगळी नोंद लागेल, आणि त्या नोंदीवर कॉमेंट लिहा की ही का आहे, नाहीतर कोणीतरी रॅम वाचवायला ती काढेल.

आमच्याकडे आता दोन्ही मॉडेलना आरपिंगच्या पावसात रात्रभर रीबूट लूप लावतो, प्रत्येक बूटनंतर लॉगमधे "बॅड पेज" ग्रेप करतो, आणि बूटलोडरची नवीन आवृत्ती आली की हे झाल्याशिवाय ती पुढे जात नाही. मेमटेस्ट=४ प्रॉडक्शनच्या कमांड लाईनवरून काढलंय, पण या लूपमधे एक फेरी ते लावून मारतो, कारण कर्नलच्या डोळ्यांदेखत कोणी मेमरीत लिहीत असेल तर ते आधी त्यालाच दिसतं. प्रिंटर अजून तिथेच आहे.